समर्पित

जतच्या आयटीआयत वेल्डरला मंजूर जागा वीस,
भरलेल्या सतरा.
उरलेल्या तिघांसाठी आम्ही पावसाळाभर एसटी स्टँडवर जातो.
मुजावर सर पत्रकं वाटतात, मी नुसती उभी राहते;
बाई दिसली की आया थांबतात म्हणून.

पैसे डोक्यांवर येतात.
डोकी मोजायची, कच्च्या मालाच्या दरानं गुणायची,
आणि निम्मंच येईल असं धरून चालायचं.
हे शेवटचं कुठल्या जीआरमध्ये नाही.
बाबर भाऊसाहेबांनी चार्ज देताना
चाव्यांच्या जुडग्याबरोबर कानात सांगितलेलं.

जूनमध्ये मागणी.
ऑगस्टमध्ये त्रुटी:
प्रपत्र ब आडव्या कागदावर हवं होतं,
आपण उभ्यावर पाठवलं.
दिवाळीनंतर पहिला हप्ता.
सांगलीहून सिलिंडर आणायचं टेम्पोभाडं
कुठल्याच शीर्षात बसत नाही,
ते मुजावर सरांच्या खिशात बसतं.

संक्रांतीला लोखंडी पट्ट्या संपतात.
रॉड उरलेले असतात, माणशी दिवसाला एक.
मग सुरू होतो अभ्यासक्रमात नसलेला धडा:
काल जोडलेलं आज ग्राइंडरनं तोडायचं,
कडा घासायच्या, पुन्हा जोडायचं.
दर खेपेला दोन-तीन मिलिमीटर
ठिणग्या होऊन शेडच्या पत्र्याकडे जातात.

उमदीची महादेवी बिरादार, ट्रेडमधली एकटी मुलगी,
फेब्रुवारीत ऑफिसच्या दारात आली.
चेहऱ्यावर काचेची पट्टी अजून वर सारलेली.
"मॅडम, हे पट्टी बघा की. ऑगस्टला एवढं होतं."
तिनं मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दाखवलं.
आता तळहातात मावत होतं सगळं.
मधे शिवण.
शिवण मात्र सरळ आलेली, एकसारखी,
मुंग्यांची रांग चालली असावी तशी.

अठ्ठावीस मार्चला रात्री साडेनवाला
स्क्रीनवर चार लाख दिसले.
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
लेखाशीर्ष: यंत्रसामग्री.
पट्ट्या आणि रॉड येतात साहित्य व पुरवठ्यात.
यंत्र घ्यायचं तर निविदेला एकवीस दिवस,
माझ्याकडे तीन, त्यात एक रविवार.

पुण्याला फोन लावला.
"शीर्ष बदलता येत नाही, मॅडम."
"मग सतरा पोरांनी परीक्षेला जोडायचं काय?"
पलीकडे कुणीतरी चहा ढवळत होतं, चमचा ऐकू आला.
"असं करा, समर्पित करा."

हा शब्द मी लहानपणी गुड्डापूरला ऐकलेला,
दानम्माच्या गाभाऱ्यापुढे, ओल्या नारळासकट.
तिथं जे द्यायचं ते आधी आपल्या हातात असायचं.

एकतीसला ट्रेझरीत जत्रा.
हिवतापवाले, पशुसंवर्धनवाले, पाटबंधाऱ्याचे दोघे,
सगळ्यांच्या बगलेत बिलं, कुणीतरी आणलेली भेळ.
मीच एकटी पैसे परत करायला आलेली.
खिडकीतल्या पोरानं शिक्का मारताना वर पाहिलं,
"दरवर्षी बरं जमतं हो तुम्हाला."

जमतं, बाबा.
आणि पुढच्या वर्षी याच कागदाकडे बोट दाखवून
कुणीतरी लिहील, मागील खर्च अत्यल्प,
सबब तरतूद कमी करण्यात येत आहे.
खर्च झाला नाही म्हणजे गरज नव्हती.
उपाशी माणूस जेवला नाही, म्हणजे त्याला भूक नसणार.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी भंगाराचं वजन झालं.
पट्ट्यांचे तुकडे चौतीस हवेत, भरले तेहतीस.
मुजावर सरांनी दोनदा मोजले, मग माझ्याकडे बघितलं,
मग खिडकीबाहेर.
नोंदवहीत लिहिलं: एक नग कमी.
शेऱ्याचा रकाना कोरा आहे अजून.
ऑडिटला यायचं तेव्हा येतील.

टेबलावर पंख्यानं कागद उडतात.
नव्या सालच्या मागणीचं प्रपत्र ब काढलंय,
या वेळी आडव्या कागदावर.
वर काहीतरी जड ठेवायला लागतं.